आधी अंदाज, मग आकडेमोड

अकरावी सायन्सला गेलीस, पेढे वाटून झाले, नवं दप्तर आलं, आणि आता केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की कपाळावर आठी. तुझं एकटीचं नाही हे. लांजा, संगमेश्वर, पावसहून सकाळच्या एसटीने रत्नागिरीत येणाऱ्या, दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेल्या कितीतरी मुली जुलैच्या पावसात हाच चेहरा घेऊन वर्गात बसतात. विषय कठीण नसतो गो. मास्तरांचा वेग वाढलेला असतो, पुस्तक जाड झालेलं असतं आणि शेजारची मुलगी क्लासला जाऊन आलेली असते. तेवढ्यानं आपल्याला काही येत नाही असं वाटायला लागतं.

परवा तू म्हणालीस, ‘ताई, ते सरासरी अणुवस्तुमानाचं सूत्र पाठ आहे, पण उत्तर बरोबर आलं की चुकलं तेच कळत नाही.’ दुखणं बरोब्बर सांगितलंस. सूत्र पाठ असून उत्तरावर भरवसा नसणं, म्हणजे आपण गणित करतोय पण कशाचं ते ठाऊक नाही. म्हणून आज सूत्र बाजूला ठेव. एकच सवय लावून घे. पेन उचलायच्या आधी उत्तर साधारण कुठे पडणार ते तोंडानं बोल. मग आकडेमोड कर. दोन्ही जुळली तर उत्तर तुझं. नाही जुळली तर चूक कुठे आहे ते कुणाला विचारायला जावं लागणार नाही.

चिमूटभर मीठ घे हातावर. त्यात सोडियम आहे आणि क्लोरीन आहे. एक ग्रॅम मिठात क्लोरीनचे जवळजवळ एकावर बावीस शून्यं इतके अणू बसतात. हे सगळे अणू क्लोरीनच, प्रत्येकात १७ प्रोटॉन, चव तीच, वागणूक तीच. पण वजन सगळ्यांचं सारखं नाही. काहींच्या गाभ्यात १८ न्यूट्रॉन, काहींच्या गाभ्यात २०. पहिल्याला क्लोरीन-३५ म्हणायचं, दुसऱ्याला क्लोरीन-३७. हेच ते समस्थानिक. ३५वाले शंभरात ७५.७६, ३७वाले २४.२४. तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश धर ना.

आता सरासरी. इथेच बहुतेक मुली ३५ आणि ३७ ची बेरीज करून दोनाने भागतात आणि ३६ लिहून मोकळ्या होतात. हे का चुकतं ते नारळावर बघ. व्यापारी नारळ मोजून नेतो. शंभर नारळांत नव्वद एकेक किलोचे आणि दहा अर्ध्या किलोचे असले, तर एकूण वजन भरलं ९५ किलो, म्हणजे सरासरी नारळ ९५० ग्रॅमचा. एक किलो आणि अर्धा किलो यांच्या मधोमध पाऊण किलो येतो, पण तो हिशेब लावलास तर बाबा तुला पुन्हा वखारीत पाठवणार नाहीत. ज्यांची संख्या जास्त, सरासरी त्यांच्याकडे झुकते. किती झुकते, तेवढंच सूत्र सांगतं.

तर क्लोरीनचा अंदाज कर. पाच ओळी नकोत, एक वाक्य पुरे: ‘३५ आणि ३७ मध्ये दोनाचं अंतर, ३७वाले साधारण पाव, म्हणून ३५ पासून दोनाच्या पाव अंतरावर, म्हणजे ३५.५ च्या आसपास.’ झालं. आता नीट कर. क्लोरीन-३५ चं अचूक वस्तुमान ३४.९६८९, त्याला ०.७५७६ ने गुणलं की २६.४९२. क्लोरीन-३७ चं ३६.९६५९, त्याला ०.२४२४ ने गुणलं की ८.९६१. बेरीज ३५.४५३. पुस्तकातल्या आवर्तसारणीत क्लोरीनखाली ३५.४५ छापलंय, बघ उघडून. अंदाज ३५.५ होता, उत्तर ३५.४५ आलं. आता पर्यवेक्षक डोक्यावर उभे राहिले तरी तुझा हात थरथरणार नाही. समजा टक्क्यांना शंभराने भागायला विसरलीस आणि ३५४५ आलं, तर ते बघूनच तुला हसू येईल. अंदाज नसता तर तेच निमूटपणे उत्तराच्या चौकटीत लिहून आली असतीस.

या ३५.४५ ने जुन्या मोठमोठ्या लोकांना चांगलंच छळलंय. लंडनचे डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनच्याच पटीत बनलेली असावीत, म्हणून सगळ्यांची वस्तुमानं पूर्णांकात यायला हवीत. बऱ्याच मूलद्रव्यांना ते जवळपास लागूही पडत होतं. क्लोरीन मात्र मधेच साडेपस्तिसावर अडून बसलेला. जितकं काटेकोर मोजावं तितका तो हट्टीपणानं तिथेच. उलगडा व्हायला शंभर वर्षं लागली. १९१३ मध्ये जे. जे. थॉमसन यांना निऑन वायूत दोन वजनांचे अणू दिसले. त्यांचेच सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला वस्तुमान वर्णपटलेखक तयार केला. विद्युतभारित अणूंचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवायचा. हलके अणू जास्त वळतात, जड कमी वळतात, आणि फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी रेघा उमटतात. क्लोरीनची रेघ साडेपस्तिसावर उमटलीच नाही. ३५ वर एक आणि ३७ वर एक, अशा दोन उमटल्या. ॲस्टन यांना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यातली गंमत नीट लक्षात घे, कारण परीक्षेत ती ‘कारणे द्या’ म्हणून येते. ३५.४५ वजनाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही. तुझ्या पायातल्या पैंजणांची चांदी घे. तिचं सरासरी अणुवस्तुमान १०७.८७, म्हणजे अगदी १०८ ला टेकलेलं. कुणालाही वाटेल की चांदीचे बहुतेक अणू १०८ चे असणार. प्रत्यक्षात निसर्गात चांदी-१०८ मिळत नाही. चांदी-१०७ आहे ५१.८४ टक्के आणि चांदी-१०९ आहे ४८.१६ टक्के. दोघी जवळजवळ निम्म्या-निम्म्या, म्हणून सरासरी मधोमध, रेसभर १०७ च्या बाजूला. सरासरी बघून अणूची ओळख पटत नाही. आधी वाटणी विचारायची.

आता जरा मोठं उदाहरण, आणि ते आपल्याच गावचं. मांडवीला काळ्या समुद्रावर जाशील तेव्हा एक लोहचुंबक कागदात गुंडाळून ने. ओल्या वाळूत दोन-चार वेळा फिरव. कागदावर काळ्या कणांच्या दाढ्या उभ्या राहतात. ते बहुतेक मॅग्नेटाइटचे कण. त्यांच्याच सोबतीला, पण साध्या चुंबकाला तेवढी दाद न देणारं, दुसरं एक काळं चकचकीत खनिज आहे, इल्मेनाइट. मालगुंडपासून खाली पूर्णगडपर्यंतच्या किनाऱ्यावर ते सापडतं. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजत झिजत नद्यांनी खाली आणला, समुद्राच्या लाटांनी हलकी वाळू वाहून नेली आणि जड कण मागे ठेवले. इल्मेनाइटमध्ये लोखंड, ऑक्सिजन आणि टायटॅनियम असतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जे पांढरं असतं ते टायटॅनियमचं ऑक्साइड, आणि आजीच्या गुडघ्यात किंवा खुब्यात बसवतात त्या सांध्यातही पुष्कळदा टायटॅनियमचा मिश्रधातू असतो.

टायटॅनियमचे निसर्गात पाच समस्थानिक. ४६ चे ८.२५ टक्के, ४७ चे ७.४४, ४८ चे ७३.७२, ४९ चे ५.४१ आणि ५० चे ५.१८. पाच ओळींचा तक्ता बघून घाबरायचं नाही. आधी टक्क्यांची बेरीज शंभर होते का बघ. होते. मग अंदाज: ‘गर्दी सगळी ४८ वर. डावीकडे, म्हणजे ४६ आणि ४७ मिळून पंधरा-सोळा टक्के. उजवीकडे ४९ आणि ५० मिळून साडेदहा. डावं पारडं थोडं जड, म्हणून उत्तर ४८ च्या किंचित अलीकडे.’ आता अचूक वस्तुमानं घेऊन गुण. ४५.९५२६ ला ०.०८२५ ने, ४६.९५१८ ला ०.०७४४ ने, ४७.९४७९ ला ०.७३७२ ने, ४८.९४७९ ला ०.०५४१ ने, ४९.९४४८ ला ०.०५१८ ने. गुणाकार येतात ३.७९१, ३.४९३, ३५.३४७, २.६४८ आणि २.५८७. बेरीज ४७.८६६, आणि गुणाकार आधीच तोडले नाहीस तर ४७.८६७. पुस्तकातही ४७.८६७. म्हणून सांगते, मधल्या पायऱ्यांत एखादा आकडा जास्त ठेव, तोडणं शेवटी कर.

एक आडवाट दाखवते, वेळ कमी असेल तेव्हा कामाची. सगळ्यांना ४८ पासूनचं अंतर दे. ४६ म्हणजे वजा दोन, ४७ वजा एक, ४८ शून्य, ४९ अधिक एक, ५० अधिक दोन. आता टक्केवारीने गुण: वजा ०.१६५, वजा ०.०७४, अधिक ०.०५४, अधिक ०.१०४. बेरीज वजा ०.०८. म्हणजे ४७.९२. तोंडी झालं की नाही? पण पुस्तकात ४७.८७ आहे. हा ०.०५ चा फरक कुठून आला? कारण आपण अणुवस्तुमानांक वापरले, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मोजदाद. अणूचं खरं वस्तुमान त्या मोजदादीइतकं नेमकं भरत नाही. टायटॅनियम-४८ खरा भरतो ४७.९४८.

हे एकदा सोडियमवर समजून घे, पुन्हा अडणार नाहीस. निसर्गात सोडियमचा एकच समस्थानिक, २३ चा. वाटणीचा प्रश्नच नाही, शंभर टक्के तोच. मग सारणीत २३ हवं होतं ना? तिथे २२.९९ आहे. ॲल्युमिनियमचंही तसंच, एकच समस्थानिक २७ चा, आणि सारणीत २६.९८. प्रोटॉन-न्यूट्रॉन गाभ्यात एकत्र बांधले जातात तेव्हा थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं बाहेर गेलेलं असतं. किती गेलं ते प्रत्येक गाभ्यात वेगळं. मोजमापाचं एकक १९६१ पासून कार्बन-१२ वर बांधलंय, त्याचं वस्तुमान बरोबर १२ धरलंय, म्हणून तो एकटाच पूर्णांकात बसतो. बाकी सगळे कुठे थोडे खाली, कुठे थोडे वर. म्हणून सारणीतल्या अपूर्णांकाला दोन कारणं असतात. मोठा अपूर्णांक वाटणीमुळे, बारीकसा गाभ्याच्या बांधणीमुळे. प्रश्नात अचूक वस्तुमान दिलं असेल तर तेच घे. फक्त वस्तुमानांक दिले असतील तर त्यावर कर, पण उत्तर पुस्तकापेक्षा दोन-पाच शतांशांनी हललं म्हणून घाबरू नकोस.

उलटं गणितही येतं. सरासरी दिलेली असते आणि टक्के विचारतात. क्लासमध्ये ‘एक्स मानू’ शिकवतात, ते बरोबरच आहे, तसंच लिही. पण पडताळा असा कर. मे महिन्यात ओटीवर कॅरम मांडतो तेव्हा बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर, तिच्यातला बोरॉन घे. दोन समस्थानिक, १०.०१३ आणि ११.००९. सरासरी १०.८१. हलक्यापासून सरासरी किती लांब? ०.७९७. दोघांमधलं पूर्ण अंतर किती? ०.९९६. पहिल्याला दुसऱ्याने भाग, ०.८०. जडवाले ८० टक्के, हलके २०. हलक्यापासूनचं अंतर मोजलं की वाटा मिळतो जडाचा, एवढंच ध्यानात ठेव. अंतर आणि वाटा उलटे जोडले जातात, तिथे मुली हमखास घसरतात. शंका आली की पुन्हा अंदाजाकडे ये: १०.८१ हे ११ च्या जवळ, म्हणून ११वाले जास्त असायलाच हवेत.

तू म्हणशील, दोन मार्कांसाठी ताई एवढं पुराण का लावतेय. कारण हीच दोन मार्कांची वाटणी आपल्या जिल्ह्यात भांडणाचा विषय होऊन बसलीय. राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प योजलाय. फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, मूळ आराखड्यात प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९००. त्यावरून मोर्चे निघाले, एकाच घरात दोन पक्ष झाले. प्रकल्प हवा की नको ते तू मोठी होऊन ठरव. पण त्याच्या इंधनाचं गणित आजच तुला येतंय. निसर्गातल्या युरेनियमच्या हजार अणूंत जेमतेम सात अणू २३५ चे, बाकी जवळजवळ सगळे २३८ चे. सहज फुटतो तो २३५. अशा भट्टीला हजारात सात पुरत नाहीत, ते प्रमाण वाढवून पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे हजारात पन्नासपर्यंत न्यावं लागतं. आता सरासरी काढ. नैसर्गिक युरेनियमची २३८.०३. पाच टक्क्यांवर नेलेल्याची: २३५.०४४ गुणिले ०.०५ आणि २३८.०५१ गुणिले ०.९५, बेरीज २३७.९०. फरक फक्त ०.१३ चा. सरासरीकडे बघून कुणी मान वळवणार नाही, पण आतली वाटणी सातपट बदलली आणि तेवढ्यावर भट्टी पेटते.

दुसरा रस्ताही आपल्या किनाऱ्यानंच दाखवलाय. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत युरेनियम नैसर्गिकच घालतात, वाटणी बदलायची ती पाण्याची. हायड्रोजनचे साधारण ६४०० अणू घेतले तर त्यांत एक दुप्पट वजनाचा, ड्यूटेरियम. तो गोळा करून केलेलं जड पाणी न्यूट्रॉनना वाया न घालवता त्यांचा वेग कमी करतं. अलिबागजवळ थळला असं जड पाणी बनवण्याचा कारखाना आहे. साध्या पाण्याचा रेणू १८ चा, हा २० चा.

वाटणी सगळीकडे अगदी एकसारखीही नसते. समुद्रावरून आलेला ढग बरसताना जड रेणू आधी टाकतो, म्हणून घाट चढून गेलेल्या पावसाचं पाणी कणभर हलकं होत जातं. तुरळ-राजवाडीच्या गरम झऱ्यांचं पाणी मुळात पावसाचंच आहे का, हे ओळखायला अभ्यासक ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ यांचा वाटाच मोजतात. थिओडोर रिचर्ड्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या खनिजातलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं भरलं होतं, कारण युरेनियम झिजून शेवटी शिसं-२०६ होतं. वर्ष १९१४. शेवटी २०१० मध्ये आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दहा मूलद्रव्यांना एकच आकडा न देता पट्टा दिला. क्लोरीनचा ३५.४४६ ते ३५.४५७. तेव्हा दोन पुस्तकांत तिसऱ्या दशांशाला फरक दिसला तर मास्तरांशी वाद घालत बसू नकोस. दोघंही बरोबर असू शकतात.

परीक्षेत काय करायचं ते थोडक्यात सांगते. टक्क्यांची बेरीज शंभर आहे का बघ. गर्दी कुणाकडे ते बघून अंदाजाचा आकडा कोपऱ्यात पेन्सिलीनं लिही. गुणाकार ओळीने मांड, पायऱ्यांना मार्क असतात. उत्तर सगळ्यात हलक्यापेक्षा कमी किंवा सगळ्यात जडापेक्षा जास्त आलं तर ते चुकलंच, थेट मागे फिर. शेवटी एकक लिही. आणि शेजारणीनं तीन पानं संपवली म्हणून तुझा वेग वाढवू नकोस.

आता माझा एक प्रश्न, रविवारपर्यंत उत्तर हवं. कणकवलीजवळ वागदे आणि जानवलीला क्रोमाइट सापडतं, त्यातला क्रोमियम. ५० चे ४.३५ टक्के, ५२ चे ८३.७९, ५३ चे ९.५० आणि ५४ चे २.३६. अंतराच्या रीतीनं तोंडी केलंस तर उजवं पारडं जड निघेल आणि उत्तर ५२ च्या थोडं पुढे पडेल. सारणीत मात्र ५१.९९६ छापलंय, ५२ च्या अलीकडे. सारणी चुकलेली नाही, तुझा हिशेबही चुकलेला नाही. कारण काय ते मला दोन ओळींत लिहून पाठव. व्हॉट्सॲपवर चालेल, पण पुस्तकाचा फोटो नको, तुझ्या शब्दांत.